तोंडपाठ असलेला एक क्रमांक

वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी एक करून पाहावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि ज्यांच्या आधाराने आपण राहतो, त्या मुलाचा, मुलीचा किंवा सुनेचा क्रमांक म्हणावा. मनात नव्हे, मोठ्याने. पुष्कळजण पाचव्या-सहाव्या अंकाशी अडखळतात. हा केवळ वयाचा दोष नव्हे. तिशीतल्या कित्येकांना पत्नीचा क्रमांक सांगता येत नाही. पूर्वी दर वेळी तबकडी फिरवावी लागे, म्हणून अंक बोटांत आणि जिभेवर बसत. आता नावावर बोट ठेवले की काम भागते. मग स्मृतीने ते ओझे का वाहावे?

धरणगावला माझी एक मावशी असते. वय अठ्ठ्याहत्तर. तिला एकच क्रमांक खडान्‌खडा पाठ आहे आणि तो आहे काकांचा. काकांना जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात डोळे तपासून घ्यायला ती एकटीच जळगावला गेली. परतताना स्थानकावर तिला भोवळ आली. गर्दीत पिशवी कुठे राहिली ते कळले नाही. मोबाइल त्या पिशवीतच होता. एका विद्यार्थिनीने पाणी पाजले आणि विचारले, “आजी, घरचा नंबर सांगा.” मावशीने काकांचा क्रमांक सांगितला.

तो लागला. सुरतेत नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाने उचलला. वडिलांचे सिमकार्ड त्याने स्वतःच्या फोनमध्ये चालू ठेवले होते. त्यात दूरदृष्टी नव्हती. बँकेचे आणि गॅसचे निरोप त्याच क्रमांकावर येत, एवढेच कारण. त्याने जळगावच्या चुलतभावाला कळवले आणि अर्ध्या तासात घरचे माणूस मावशीजवळ पोहोचले. रिचार्ज थांबवले असते तर काय झाले असते, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. वापरात नसलेला क्रमांक काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच ग्राहकाला मिळू शकतो. मग तिच्या हाकेला कुणा अनोळखी माणसाने “राँग नंबर” म्हटले असते.

म्हणून सांभाळ करणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की आई-वडिलांना नवा क्रमांक शिकवण्याआधी त्यांना कोणता पाठ आहे, ते विचारा. तो जिवंत ठेवा आणि उचलणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ठेवा. कंपनी बदलायची असेल तरी क्रमांक बदलण्याचे कारण नाही. २०११ पासून देशभर तोच क्रमांक राखून कंपनी बदलता येते. दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी घरातला जुना क्रमांक सोडून देणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पाठ असा क्रमांकच नसेल, तर एक निवडावा. एकच. पाचही मुलांचे पाठ करू गेल्यास ऐनवेळी त्यांची सरमिसळ होते. लाडक्याचा नव्हे, फोन उचलणाऱ्याचा क्रमांक निवडावा, हेही स्पष्ट सांगतो. आणि त्या व्यक्तीने अनोळखी क्रमांकावरून आलेला फोनही घेतला पाहिजे, कारण संकटातला फोन बहुधा परक्याच्याच मोबाइलवरून येतो. दहातले नऊ कर्ज देणारे निघतील, ते सोसावे.

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी किंवा दोन अधिक. दहा सुटे अंक त्या मापाबाहेर जातात. जोड्या केल्या की पाचच गोष्टी उरतात. आपल्या पिढीला हे नवे नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी आपण तालावरच घोकली. तोच ताल इथे लावावा. देवापुढे दिवा लावताना एकदा, रात्रीच्या गोळ्या घेताना एकदा. पहिल्या आठवड्यात रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. नातवंडांनी परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये. वृद्ध माणूस चुकण्याच्या भीतीने गप्प होतो. बरोबर म्हणू लागावे, तेही सूर धरतात.

आता एक गोष्ट, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाठ करताना जोड्या सोयीच्या, पण सांगताना घात होतो. धरणगावहून सुरतेच्या गाडीत बसले, की नंदुरबारनंतर आपला ‘एकोणसाठ’ समोरच्याला कळेलच असे नाही; हिंदीभाषक ‘उनसठ’ म्हणतो, गुजराती ‘ओगणसाठ’. इंग्रजी शाळेतल्या आपल्याच नातवाला ‘एकोणनव्वद’ म्हणजे किती, ते थांबून विचारावे लागते. म्हणून परक्याला सांगताना एकेक अंक सुटा सांगावा: पाच, नऊ. आणि ही सवय घरीच करावी, कारण घाबरलेल्या माणसाला जोड्या फोडणे जमत नाही.

मोबाइल जवळ असतोच, असे कोणी म्हणेल. २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकालगत, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने किमान बारा जणांचा जीव घेतला. अशा धावपळीत पिशवी, चष्मा, मोबाइल यांपैकी काय हाताशी राहील, हे कोणी सांगू शकत नाही. आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन छोटे क्रमांक तर प्रत्येकाच्या ओठांवर हवेतच. पण त्यांनी मदत येते. घरचे माणूस येत नाही.

ज्यांची स्मृती आजाराने क्षीण होत चालली आहे, त्यांच्याकडून पाठांतराचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी सुती पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहून ती सदऱ्याच्या किंवा परकराच्या आतल्या बाजूस शिवावी. खिशातली चिठ्ठी धुण्यात जाते आणि गळ्यातले पदक काहींना अपमानाचे वाटते. पट्टीवर नाव, गाव आणि दहा अंक पुरेत. दर दोन-तीन महिन्यांनी शाई फिकी झाली का ते पाहावे, आणि नवे कपडे शिवून आले, की पहिल्याच दिवशी पट्टी लावावी.