हातचा अर्धा मिलियन

प्रीमियर लीगच्या फॅन्टसी खेळात ऑगस्ट आला की प्रत्येकाच्या हाती सारखेच १०० मिलियन पौंड पडतात. त्यात पंधरा खेळाडू बसवायचे: दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड, आणि एका क्लबातले जास्तीत जास्त तीन. सगळ्यांची सुरुवात इथे एकाच रेषेवरून होते, म्हणून हा पहिला संघ म्हणजे आपल्या अकलेची परीक्षा आहे असं वाटू लागतं आणि माणूस उत्तम पंधरा शोधायच्या मागे लागतो. माझ्या मते चूक तिथेच होते. पहिला संघ उत्तम नसला तरी चालतो, तो वळवता आला पाहिजे. कारण ज्या भावपत्रकावरून आपण खरेदी करतो, ते गेल्या हंगामाच्या चोपडीवरून उतरवलेलं असतं.

एर्लिंग हालांडचंच बघा. २०२२-२३ मध्ये तो इंग्लंडात नवा होता, भाव साडेअकरा. त्याने ३६ गोल केले आणि २७२ गुण मिळवून दिले. पुढच्या वर्षी भाव १४ झाला, गुण आले २१७. त्याच्या पुढच्या वर्षी भाव १५, गुण १८१. दर मिलियनमागे हिशेब केला तर जवळजवळ चोवीसवरून साडेपंधरावर आणि तिथून बारावर. खेळाडू काही एवढा खालावला नव्हता, आपणच त्याच्या जुन्या गोलांचे पैसे नव्याने मोजत होतो. मोहम्मद सालाहचंही तेच. २०१७-१८ मध्ये तो रोमाहून लिव्हरपूलला आला तेव्हा ९ मिलियनला मिळत होता आणि त्याने ३०३ गुण केले. २०२४-२५ मध्ये साडेबाराचा सालाह ३४४ पर्यंत गेला, म्हणजे महाग खेळाडू घेऊच नये असं नाही. पण त्या ३४४ची पावती पुढच्या वर्षीच्या साडेचौदाच्या भावात फाडली गेली.

मग चोपडीत न चढलेलं काय असतं? बदललेली जागा, बदललेला क्लब, वाढलेली मिनिटं, पेनल्टीचा हक्क. २०१९-२० मध्ये नुकत्याच वर चढलेल्या शेफील्ड युनायटेडचा जॉन लंडस्ट्रम यादीत बचावपटू होता, भाव ४, म्हणजे तळाचा. मैदानावर मात्र तो मधल्या फळीत खेळत होता. बचावपटूच्या गोलला सहा गुण, क्लीन शीटला चार, आणि माणूस समोरच्या पेनल्टी बॉक्सात धावतोय! वर्षअखेर १४४ गुण. यादीतला शब्द आणि मैदानावरची जागा यांतली फट भाव ठरवणाऱ्याला दिसली नव्हती, इतकंच. या खेळात गाजलेली बहुतेक स्वस्त नावं अशाच एखाद्या फटीतून आलेली आहेत.

इथे एक मोह आवरायला हवा. लंडस्ट्रमचा दर मिलियनमागे ३६ गुण हा आकडा बघून काहीजण सगळा संघच स्वस्तात उभा करायला निघतात. पण अकरा लंडस्ट्रम उभे केले तर वर्षाला होतात १,५८४ गुण. त्याच हंगामात ऑक्सफर्डचा गणितज्ञ जोशुआ बुल २,५५७ गुणांवर पहिला आला होता. पैसे उरले म्हणून बारावा माणूस उतरवता येत नाही. जागा अकराच, आणि त्यातल्या एकाचे, कर्णधाराचे, गुण दुप्पट. त्यामुळे एक महागडा, रोज खेळणारा, पेनल्टी मारणारा माणूस संघात हवाच. त्याच्यावर ओतलेला पैसा दोनदा कामाला येतो. दुसऱ्या महागड्याचा तसा येत नाही, कारण कर्णधार एकच. २०२५-२६ च्या सुरुवातीला सालाह साडेचौदा आणि हालांड १४, दोघे मिळून साडेअठ्ठावीस. उरलेल्या तेरांना सरासरी साडेपाच. अशा संघात चूक दुरुस्त करायला हात हलवायलाच जागा राहत नाही.

जागा राहणं म्हणजे काय, ते तिसऱ्या फॉरवर्डच्या रकान्यात नीट दिसतं. नेहमीची युक्ती अशी: तिथे साडेचारचा, न खेळणारा माणूस टाकायचा, त्याला बाकावर बसवायचं आणि वाचलेला दीड मिलियन वरच्या कुणावर तरी लावायचा. कागदावर हे बिनचूक आहे. पण २०२४-२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ख्रिस वुड ६ मिलियनला सुरू झाला आणि गोल करतच सुटला, हंगामभरात वीस. ज्याच्या त्या रकान्यात ६चा दुसरा कुणी होता, त्याला एक बदल पुरला. ज्याच्याकडे साडेचारचा बाकडेकरी होता, त्याला आधी दुसरीकडे कुणाला तरी उतरवून दीड मिलियन सोडवावे लागत. म्हणजे दोन बदल, आणि फुकटचा बदल एकच शिल्लक असेल तर वर चार गुणांचा दंड. तोवर भावही ०.१-०.१ मिलियनने चढत असतो. तुमचा स्वतःचा माणूस ६वरून ६.३ झाला असला तरी विकताना ६.१ च हातात येतात, नफ्यातला अर्धा, तोही खाली उतरवून. म्हणून साडेचार, साडेपाच, साडेसहा, साडेसात अशा प्रत्येक पायरीवर एखादा खेळता माणूस असलेला संघ मला नेहमी जास्त समजूतदार वाटतो, मग कागदावर तो दोन-चार गुणांनी फिका का दिसेना.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं पश्चात्‌बुद्धीचं शहाणपण. लंडस्ट्रम आठवतो, पण तसेच दिसणारे आणि पाचव्या आठवड्यात बाकावर गेलेले चाळीसजण कुणाला आठवतात? आक्षेप खरा आहे. कोल पामर तर २०२३-२४ चे पहिले सामने झाल्यावर, १ सप्टेंबरला मँचेस्टर सिटीहून चेल्सीला गेला. पाच मिलियनचा तो पोरगा पेनल्टी मारू लागेल आणि २२ गोल करून २४४ गुणांसह वर्षाचा अव्वल ठरेल, हे ऑगस्टमध्ये सांगणारा खोटं बोलत असेल. पण माझा मुद्दा यानेच पक्का होतो. पामर येणार हे कळत नाही, पण कुणीतरी येणार हे दरवर्षी कळतं.

दुसरा आक्षेप जास्त चतुर: वाइल्डकार्ड आहे ना, एका रात्रीत अख्खा संघ बदलता येतो, मग पहिल्याची एवढी चिंता कशाला? वाइल्डकार्ड आहे खरं, पण ते तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या चुका निस्तरायला जाळायचं, की महिन्या-दोन महिन्यांनी, खरे संघ कोणते ते कळल्यावर वापरायचं? अडकलेला संघ हा निर्णय तुमच्या हातात ठेवत नाही. शिवाय आता न वापरलेले बदल पाचपर्यंत साठवता येतात, पूर्वी दोनवरच थांबत. वळता संघ असला की हे साठवणं परवडतं.

सुरुवातीच्या सामन्यांचं वेळापत्रक बघावं, पण त्याला भविष्य समजू नये. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही वर्षी वर चढलेले तिन्ही क्लब परत खाली गेले, म्हणून नवख्यांविरुद्ध खेळणाऱ्यांना घ्या हा नियमच झाला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्याच सामन्यात नुकत्याच वर चढलेल्या सन्डरलंडने वेस्ट हॅमला ३-० हरवलं.

भारतात पहिली डेडलाइन बहुधा शुक्रवारी रात्री अकराला पडते. साडेदहाच्या सुमारास पंधरा जण बसलेले असतात आणि वर कोपऱ्यात शिल्लक दिसते: ०.५. तो अर्धा मिलियन बोटांना खाजवत राहतो. साडेचारचा गोलरक्षक पाचचा करता येईल, संघ जरा देखणा दिसेल. करू नये. पुढच्या शुक्रवारी साडेपाचच्या माणसावरून सहावर जायला नेमके तेवढेच कमी पडतात.