एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

नाशिकला द्वारकेच्या चौकात तुम्ही कधी पहाटे उभे राहिला आहात का? मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो तिथे आता डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या खाली उतरतच नाहीत. पण 2013 साली तो पूल सुरू झाला त्याच्या आधी लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून मुंबईला निघालेले ट्रक आणि कसारा घाट चढून धापा टाकत आलेले ट्रक, सगळे इथूनच जायचे. त्यातला एखादा, ड्रायव्हरच्या कानाला काही खटकलं म्हणून, आमच्या पत्र्याच्या शेडसमोर घरघरत थांबायचा. डिझेलचा धूर, कांद्याची उडणारी टरफलं आणि टपरीवरच्या चहातलं आलं, या तिन्हींचा मिळून जो वास होतो त्याला मी लहानपणी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वासच समजत होते.

गाडी आली की आधी पान्याला हात लावायचा नाही, ही अण्णांची रीत. ते नुसता तळहात वर करत, म्हणजे पोऱ्यानं बादली वाजवायची नाही, ड्रायव्हरनं हकीकत सांगायची नाही आणि मी हातातला डबा खाली ठेवायचा नाही. मग लाकडी मुठीचा तो लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन टोक इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला दाबायची, डोळे मिटायचे, आणि तोंड मात्र किंचित उघडं ठेवायचं. ओठांत पुटपुटणं चालू असे : एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. सहा सिलिंडरच्या इंजिनात डिझेल याच क्रमानं पेटत जातं. घरी आईची रामरक्षा, शेडवर हे. दोन्ही मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. लोक म्हणत, अण्णा इंजिनाची नाडी बघतात. त्यांना ते मुळीच आवडत नसे. "वैद्याला रोगी खोटं सांगतो," म्हणायचे, "याला खोटं येत नाही."

टकटक कुठल्या सिलिंडरची ते कानानं ठरलं, तरी खात्री केल्याशिवाय ते बोलत नसत. सतराच्या पान्यानं त्या नोझलच्या पाईपचा नट जरासा ढिला करायचा, डिझेल बाहेर झिरपू लागायचं, तेवढा एक सिलिंडर मुका व्हायचा आणि इंजिन लंगडत चालायचं. टकटक त्याबरोबर थांबली तर चोर तिथलाच. मग ते नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावायचं, आणि आवाजही त्याच्या मागोमाग तिकडे गेला की अण्णा पहिल्यांदा हसायचे.

आवाज होतो तरी का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी आईच्या कढईचं उदाहरण दिलं. तेल नीट तापलेलं नसताना मोहरी टाकली तर ती आधी गप्प बसते आणि मग सगळी एकदम तडतडते ना, तसंच. डिझेल आत गेल्या गेल्या पेटत नाही, क्षणभर रेंगाळतं. नोझल धुक्यासारखं फवारायचं सोडून थेंब गाळू लागलं, की न पेटलेलं साचत जातं आणि एकदम भडकतं. आई आतून म्हणाली, "माझी मोहरी कधी अशी तडतडत नाही." ते खरंच होतं.

कोपऱ्यात नोझल तपासायचा हातपंप होता. दांडी दाबली की दाबाचा काटा दोनशे बारच्या आसपास चढायचा आणि चांगलं नोझल कुर्रर्र करून बारीक धुकं सोडायचं. त्या धुक्यात बोट घालशील तर डिझेल कातडीत शिरेल, हा धाक मला आजही आहे. नोझलं मायकोची, सातपूरची, आपल्याच गावची, याचा त्यांना कोण अभिमान! 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं तरी अण्णा शेवटपर्यंत मायकोच म्हणत राहिले.

पुढे कॉमन रेलची इंजिनं आली. तिथला दाब दीड-दोन हजारांच्या घरात, आणि मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडून आतली कढई आधीच तापवून ठेवायची सोय. टकटक विरघळली. पाईपचा नट ढिला करून बघणं तर जिवावरचंच. पोऱ्या, तोवर स्वतःच मिस्त्री झालेला, वायर जोडून पडद्यावरचे आकडे वाचायचा, आणि अण्णा स्टुलावर बसून ते कौतुकानं बघायचे. खंत नव्हती त्यांना. निदान मला तरी ती कधी दिसली नाही.

शेवटी कान गेले. आईची हाक ऐकू येत नसे, पण संध्याकाळी खिडकीच्या गजांवर तळहात टेकून बसलेले असताना खालून एखादा जुना ट्रक गेला की गज थरथरायचे, आणि ते तोंड किंचित उघडं ठेवून म्हणायचे, "तीन नंबर." मी खाली बघेपर्यंत ट्रक काठे गल्लीच्या पुढे गेलेला असे.

त्यांना जाऊन चार पावसाळे झाले. शेड नाही, स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे, कपाटात, आईच्या पैठणीच्या खाली. वर्षानुवर्षं कानामागे दाबल्यानं त्या लाकडात त्यांच्या डोक्याचं खोबरेल मुरलं होतं, आणि पहिल्या वर्षी मूठ नाकाशी नेली की आधी खोबरेल यायचं, मग डिझेल. खोबरेलाचा वास गेल्या दिवाळीपर्यंत होता. डिझेलचा अजून येतो.