पोचे

२०१४ सालचा मार्च महिना आमच्या लातूर-उस्मानाबादकडचा शेतकरी विसरणार नाही. होळीच्या आधी गारा पडल्या. एकदा पडून थांबल्या असं नाही, आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात, पडतच राहिल्या. आमच्या गावात पडल्या त्या दिवशी माझ्या दारात जावयाची गाडी उभी होती. गाडी घेऊन जावई पहिल्यांदाच आले होते. खरं सांगायचं तर जावई म्हणूनच ते पहिल्यांदा आले होते.

लेकीनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं, ते मला पटलं नव्हतं. तीन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. तिचा फोन आला की उठून गोठ्यात जायचो. घरचीनं कसं जमवलं ते तिचं तिला ठाऊक, पण त्या दिवशी दोघं दारात उतरली. मी ‘या’ म्हणालो, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि रानाचं निमित्त करून निघून गेलो. दुसरा शब्द सुचला नाही.

तिसऱ्या प्रहरी आभाळ काळंनिळं झालं. मी कोपीत शिरलो तोवर गारा सुरू. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पंधरा-वीस मिनिटांत सगळा खेळ आटोपला. गहू जमिनीत रुतला होता. ज्वारीची ताटं आडवी झाली होती. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात गेले होते. लिंबाखाली चिमण्या मरून पडल्या होत्या. वर्षाचं पीक पायाखाली तुडवत मी घरी आलो.

दारातली गाडी बघितली आणि पोटात धस्स झालं. गडद निळी गाडी, कर्ज काढून घेतलेली. टपावर, बोनेटवर, डिकीवर नुसते पोचे. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसत होती. जावई गाडीकडं बघतसुद्धा नव्हते. ओले कपडे अंगावर तसेच, गोठ्यात वासराची पाठ पुसत होते. म्हणाले, “मामा, जनावरं आत घेतली. वासराला थोडं लागलंय, बाकी ठीक हाय.”

तीन वर्षं ज्या माणसाचं तोंड बघितलं नाही, त्यानं गाडी सोडून माझी जनावरं झाकली. मला मान वर करवेना.

रात्रभर झोप नाही. पिकाचं आपल्या हातात काही नव्हतं, पण गाडीचं काहीतरी करावं असं डोक्यात बसलं. आमच्या घरात आजीचं तांब्याचं घंगाळ आहे. लहानपणी त्याला पोचा आला की तांबट ते लोखंडी ठोकळ्यावर धरून लाकडी हातोड्यानं असं ठोकायचा, की पोचा कुठं होता ते सापडायचं नाही. मी म्हटलं, पत्राच तर आहे. पहाटे उठलो, बोनेट उघडलं, चाचपून खालून पोचा शोधला आणि लाकडी मोगरीनं दिला एक ठोका.

वर येऊन बघतो तर पोच्याच्या जागी टेंगूळ. रंगाला चांदणीसारखी चीर गेलेली आणि टिकलीएवढा टवका उडालेला. मागं जावई उभे. “काय करायलात मामा?”

मला बोलता येईना. हातातली मोगरी लपवायचीही सोय नव्हती. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. रागावले नाहीत. म्हणाले, “हा आता राहिला. बाकीचे निघतील. बाकीच्यांचा रंग तुटलेला नाही.”

मग तिथंच जोत्यावर बसून त्यांनी मला समजावलं. ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला. म्हणाले, विमा आहे, गारपीट त्यात बसते, पण विम्यातून काम केलं की सगळे पत्रे घासून, पुट्टी भरून रंगवतात. कारखान्यातला रंग वेगळा. तिथं नुसता सांगाडा भट्टीत सव्वाशे-दीडशे अंशांत भाजून रंग पक्का करतात. तयार गाडीत वायरी आणि प्लास्टिक असतं, म्हणून गॅरेजात साठ अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. शिवाय पुढं गाडी विकताना घेणारा रंगाची जाडी यंत्र लावून मोजतो. जास्त भरली की म्हणतो, गाडी ठोकलेली आहे. म्हणून रंगाला हात न लावता पोचे काढणारा माणूस बघायचा.

पैसे मी देतो म्हणालो. माझ्याकडं नव्हते, तरी म्हणालो. जावई म्हणाले, “गारपिटीचं अनुदान आल्यावर बघू.” ते किती येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही हसलो. त्यांच्यासोबत मी हसलो ते पहिल्यांदा. जाताना म्हणाले, “मामा, चला पुण्याला. पोचे कसे काढतात ते तरी बघा.” तलाठ्याचा पंचनामा झाल्यावर मी गाडीत बसलो. लेकीचं घर मी तोवर बघितलं नव्हतं.

पोचे काढणारं पोरगं पंचविशीतलं असेल. बोलणं कमी. आधी त्यानं काळे-पांढरे पट्टे असलेला दिवा बोनेटशेजारी उभा केला. चांगल्या पत्र्यावर पट्टे सरळ दिसत, पोच्यापाशी वाकडे होत. डोळ्यांनी न दिसणारे पोचेही त्या पट्ट्यांत सापडले. एकट्या टपावर बासष्ट भरले.

टपाचं आतलं अस्तर त्यानं उतरवलं. मग लांब, वाकड्या टोकाच्या गुळगुळीत सळ्या काढल्या. सळई आतून घालायची, टोक पोच्याच्या मागं नेमकं टेकवायचं आणि नुसता दाब द्यायचा. ठोका नाही. नजर दिव्याच्या पट्ट्यांवर. एक दाब, पुन्हा एक, पोच्याच्या कडेनं आत आत येत. एका पोच्याला पन्नास-साठ दाब सहज लागत. कुठं जास्त दाब होऊन पत्रा वर आला, तर प्लास्टिकची बोथट खुंटी ठेवून हलक्या हातोडीनं वरून टिचक्या. जिथं मागून सळई जात नाही, तिथं वरून गरम गोंदानं प्लास्टिकची चकती चिकटवायची, गोंद निवला की ओढायची, मग स्पिरिटनं गोंद सोडवायचा.

मी त्याला विचारलं, “गरम पाणी ओतून बर्फ लावला की पोचा निघतो म्हणतात, ते खरं का?” तो म्हणाला, “काका, बंपर प्लास्टिकचा असतो. गरम पाण्यानं मऊ होतो, मग आतून ढकलला की येतो. पत्र्याला त्याचा उपयोग नाही. पत्र्याला घाई चालत नाही.”

मोगरीचं मी त्याला सांगितलं नाही. त्यानं ती चीर बघितली आणि ओळखलंच. म्हणाला, “एका दणक्यात काढायला गेलं की पत्रा ताणला जातो. ताणलेला पत्रा जागेवर बसवता येतो, पण फुटलेला रंग जुळत नाही.” टेंगूळ त्यानं खाली बसवलं. गंज धरू नये म्हणून टवक्यावर बारीक ब्रशनं रंगाचा ठिपका दिला. उरलेली गाडी तिसऱ्या दिवशी आरशासारखी झाली.

ते तीन दिवस मी लेकीच्या घरी होतो. पहिल्या दिवशी तिनं जेवायला वाढलं, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, “आप्पा, गव्हाचं काहीच हाती लागणार नाही का?” मी म्हटलं, “जनावरांना होईल.” बस्स, एवढंच. मला माफी मागायची होती. सगळं एकदाच बोलून टाकावं असं वाटत होतं. पण मोगरी आठवली आणि मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मीच तिला विचारलं, की तुझ्या ऑफिसात काम काय असतं. ती अर्धा तास सांगत बसली.

त्यानंतर दर रविवारी फोन असतो. मी गोठ्यात जात नाही. त्या तीन वर्षांबद्दल ती अजूनही बोलत नाही. लग्नाच्या दिवशी बाप नव्हता, ते कसं भरून निघणार?

गाडी अजून त्यांच्याकडंच आहे. दिवाळीला आले की नातू बोनेटवर रांगोळी काढल्यासारखं बोट फिरवतो. मागच्या खेपेला त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, “आप्पा, ही गार लै मोठी होती का?”

लेक उंबऱ्यात उभी होती. मी म्हटलं, “गार नव्हती बाळा. ते मी केलंय.”

लेक काही बोलली नाही. आत जाऊन चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी जोत्यावर बसली.