नेट बंद, रेडिओ चालू

मोबाईल जोडला की गाडीत जगातले कुठलेही गाणे मिळते, मग रेडिओ हवाच कशाला, असे म्हणणाऱ्यांपुढे मला जयपूरची एक तारीख ठेवावीशी वाटते: २६ सप्टेंबर २०२१. त्या दिवशी शिक्षक पात्रतेची 'रीट' परीक्षा होती. १६ लाखांहून अधिक उमेदवार, आणि पेपर फुटू नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट बंद. पेपर फुटलाच. तोही परीक्षेच्या आधी, जयपूरच्याच शिक्षा संकुलातून, असे पोलीस तपासात निघाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. चोरी होऊन गेल्यावर साऱ्या शहराचे नेट तोडण्यात कुठला शहाणपणा होता, हे मला अजून पटलेले नाही. बाहेरगावचे उमेदवार अनोळखी शहरात केंद्र शोधत असताना नकाशाही बंद! आणि हे एकदाच घडले असेही नाही. जुलै २०१८ मध्ये पोलीस भरतीसाठी आणि जून २०२२ मध्ये उदयपूरमधील एका हत्येनंतर राजस्थानभर नेट बंद झाले होते. अशा वेळी गाडीतले स्पॉटिफाय, जिओसावन मुके होतात. रेडिओला ना मोबाईल टॉवर लागतो, ना डेटा पॅक.

गाणी आधीच डाउनलोड करून ठेवता येतात, हा आक्षेप बरोबर आहे. पण साठवलेले गाणे पुढचा रस्ता बंद आहे, हे सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: एफएमवर तीच ती गाणी, मधे जाहिरातींचा मारा, आणि जयपूरमध्ये मराठी गाणे तर जवळजवळ नाहीच. हे मला पूर्ण मान्य आहे. केवळ गाण्यांसाठी निवडायचे तर मीही स्ट्रीमिंगच निवडेन. पण रेडिओ असा पोकळ झाला त्यात धोरणाचा मोठा वाटा आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. तरीही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. फार तर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. २०११ च्या धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी यांची माहिती द्यायला परवानगी दिली. म्हणजे नेट बंद असलेल्या परीक्षेच्या दिवशी चालकाला लागते नेमके तेच! ही सवलत रेडिओ केंद्रांनी मनापासून वापरावी आणि सरकारने स्थानिक बातम्याही खुल्या कराव्यात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल उत्पादकांना एफएमची सोय बंद ठेवू नका, असे कळवले होते. तोच आग्रह गाड्यांबाबतही हवा. नवी गाडी घेताना पडदा किती इंची आहे हे जरूर पाहा, पण त्यात एफएम आहे का, हेही विचारा.