घरी कुत्रं आहे का?

“ताई, घरी कुत्रं आहे का?”

मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडले होते. छातीवर थंडगार जेल, डोळे छताकडे. दोन महिन्यांपासून डोक्यात एकच शब्द घोळत होता. तो डॉक्टरीणबाईंच्या तोंडून कधी पडतो याची वाट पाहत होते, आणि त्यांनी विचारलं ते कुत्र्याचं. मला वाटलं, नर्सशी बोलतायत.

“आहे. काळ्या.”

“बकऱ्या?”

“तीन.”

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक मोठी काळी गोल पोकळी, आणि तिच्या आत संत्रं आडवं कापल्यावर दिसतात तसे कप्पे.

गाठ डाव्या बाजूला होती. दीड वर्षापूर्वी सुपारीएवढी, आता लिंबाहून मोठी. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींना शरीराची काळजी घ्यायला शिकवणारी मी, नवऱ्यालाही बोलले नाही. कळलं ते आत्याबाईंना, मी सारखा पदर ओढते यावरून. “कायले लपवून राह्यली वं? दाखव मले.” मग जवसाचं पोटीस झालं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी गळू समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. शेवटी पांढरकवड्याहून एसटी धरली आणि यवतमाळचं मेडिकल गाठलं.

मी हट्ट धरला की सुई घालून तपासा, सगळ्यांचं तसंच करतात. सर्जन म्हणाले, “तुमच्या गाठीला सुई लावायची नाही. आतलं पाणी अंगात सांडलं तर जबर अ‍ॅलर्जी येते, बीपी कोसळतं. शिवाय त्या पाण्यातून नवीन गाठी रुजतात.” रोगाचं नाव हायडॅटिड; तो एका किड्यामुळे होतो. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, छातीचा एक्सरे झाला. कारण हा किडा मुख्यतः यकृतात बसतो, त्याखालोखाल फुप्फुसात. स्तनातल्या गाठी शंभरात एकही नाहीत. माझं यकृत नि फुप्फुस दोन्ही साफ निघालं. अंगातल्या एवढ्या जागा सोडून तो नेमका तिथंच का गेला, हा प्रश्न डॉक्टरांनीही हसण्यावारीच नेला.

किड्याचा प्रवास त्यांनी माझ्या केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवला. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा पट्टकृमी. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात. बकरीच्या पोटात गेली की तिच्या काळजात, फेफड्यात पाण्याचे फोड धरतात. बोकड कापल्यावर तेच काळीज कुत्र्याला टाकलं की फेरा पूर्ण. माणूस मध्येच सापडतो, आणि माणसापासून पुढे कुणाला लागत नाही. चित्र पाहताना मला पोळ्याची कर आठवली. आमच्याकडे दरवर्षी लिंबाखाली बोकड पडतो. फोड आलेलं काळीज आम्ही खात नाही, नासकं म्हणून फेकतो. कुठे फेकतो, ते काळ्याला ठाऊक.

ऑपरेशनमध्ये आजूबाजूला तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या लावून गाठ न फोडता अख्खी काढली. नंतर ती बरणीत दाखवली. उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा पापुद्रा. मी एकदाच पाहिली.

औषध मात्र ओळखीचं निघालं. अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम. दहा फेब्रुवारीला जंतनाशक दिनी वर्गात ‘चावून खा रे’ म्हणत मी वाटते, तीच गोळी. पोरांना एक, मला सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस, मग 14 दिवस सुट्टी, असे तीन फेरे. तेही तेला-तुपाच्या जेवणासोबत, म्हणजे अंगात नीट शोषली जाते. मधूनमधून यकृतासाठी रक्ततपासणी. त्या वर्षी गोळ्या वाटताना चौथीतल्या एका पोराने विचारलं, “मॅडम, तुम्ही नाही खात?” मी म्हटलं, सकाळीच खाल्ली. त्याला ती थाप वाटली.

कॅन्सर नाही म्हटल्यावर गल्लीतल्या बायका आधी रडल्या, मग नाकाला पदर लावून ‘कुत्र्याचा किडा’ म्हणू लागल्या. दोन्हींत मला दुसरं जास्त लागलं. आत्याबाई काळ्याला हाकलायला निघाल्या होत्या. पण त्याच्यापासूनच झालं, हे कशावरून? गाठ किती वर्षांची कोण जाणे, आणि गावात कुत्री काय कमी आहेत? गुरांच्या डॉक्टरांकडून प्राझिक्वांटेलची गोळी आणून त्याला भाकरीत दिली. पालेभाजी मात्र आता आत्याबाई तीनदा धुतात.

यंदा करीला मी नवऱ्याला गोठ्यामागे खड्डा खणायला लावला. काळीज, फेफडं, आतडी सगळं त्यात पुरलं. बोकड कापणारा दादा हसत होता. सकाळी जाऊन पाहते तर अर्धी माती बाहेर. वर दगड ठेवायचे राहिले होते.