हसण्यावारी नेलेले गाव

'ग्राम्य' या शब्दावर माझा फार जुना राग आहे. ग्राम म्हणजे गाव. तेव्हा ग्राम्य म्हणजे गावचा, एवढाच त्याचा अर्थ व्हायला हवा होता. पण कोश उघडून पाहा. अशिष्ट, ओबडधोबड, असभ्य! संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी तर ग्राम्यता हा काव्यातला एक दोषच ठरवून टाकला. उलट नगरात राहणारा तो नागर, आणि नागर म्हणजे सुसंस्कृत. हा न्याय आपल्याकडेच आहे असेही नाही. सिनेमातल्या ज्या इसमाला आपण 'व्हिलन' म्हणतो, तो बिचारा शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर जमीनदाराच्या शेतावर राबणारा साधा कुळवाडी निघतो. कोश शहरात छापले जातात, त्याला कोण काय करणार?

पण या हसण्याची किंमत काय पडते, हे पाहायचे असेल तर साता समुद्रांपलीकडचा एक खटला पाहावा. तो झाला १९२५ च्या जुलैमध्ये, अमेरिकेतल्या टेनेसी संस्थानात, डेटन नावाच्या गावी. 'माकडांचा खटला' म्हणून तो जगभर गाजला. माणूस माकडसदृश पूर्वजांपासून उत्क्रांत झाला असे शिकवले म्हणून एका शाळामास्तरावर फिर्याद झाली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढे आपण हसतो आणि पान उलटतो.

मला मात्र त्या गावाविषयी कुतूहल वाटते. ही माणसे एकाएकी अशी का बिथरली?

पाच वर्षे मागे जायला हवे. १९२० च्या शिरगणतीत प्रथमच असे आढळले, की अमेरिकेतली निम्म्याहून अधिक, शंभरात एक्कावन्न, माणसे शहरवासी झाली आहेत. अडीच हजारांची वस्ती झाली की ते शहर, असा तिथला तेव्हाचा हिशेब होता. डेटनची वस्ती दोन हजारांच्या आत, म्हणजे ते हरणाऱ्या बाजूचे. शिरगणतीप्रमाणे लोकसभेतल्या जागांची फेरवाटणी करावी, असे तिथली घटना सांगते. पण जागा शहरांकडे जाणार हे दिसताच ग्रामीण भागातल्या सभासदांनी अशी काही टाळाटाळ आरंभली, की ती वाटणी दहा वर्षे झालीच नाही. त्यातच महायुद्धाच्या काळात चढलेले गव्हाचे भाव १९२० नंतर वर्ष-दीड वर्षात निम्म्याहून खाली कोसळले. कर्ज काढून जमिनी घेतलेले शेतकरी बुडाले. आणि याच सुमारास रेडिओ, बोलभांड मासिके, तोकडे केस कापलेल्या मुलींची छायाचित्रे आणि जाझचे सूर घरोघर येऊन सांगू लागले, की खरे आयुष्य इथे नाही, ते तिकडे न्यूयॉर्कला चालू आहे.

या रागाचे एक रूप अगदी ओंगळ होते, हेही सांगितले पाहिजे. तोंडावर बुरखे घेऊन निग्रो, ज्यू, कॅथलिक आणि परदेशी लोकांना छळणारा कू क्लक्स क्लॅन त्याच काळात लाखांनी फोफावला. त्याला क्षमा नाही. पण डेटनचा खटला त्या जातीचा नव्हता.

ज्या कायद्याखाली तो झाला, त्याचा कर्ता जॉन वॉशिंग्टन बटलर हा मका आणि तंबाखू पिकवणारा शेतकरी, विधिमंडळात निवडून आलेला. एकदा त्याच्या प्रार्थनामंदिरात आलेल्या धर्मोपदेशकाने एका मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी गावची, कॉलेजात शिकायला गेली. परत आली ती देवावरचा विश्वास तिकडेच ठेवून, आणि त्या जागी उत्क्रांतिवाद घेऊन. बटलरला स्वतःची मुले दिसू लागली. सरकारी शाळांत मनुष्य खालच्या प्राण्यांपासून झाला असे शिकवू नये, शिकवल्यास शंभर ते पाचशे डॉलर दंड, असे विधेयक त्याने लिहिले. ते ७१ विरुद्ध ५ मतांनी खालच्या सभागृहात आणि २४ विरुद्ध ६ मतांनी वरच्या सभागृहात मंजूर झाले.

हे वाचताना मला माझा एक मामा आठवतो. घाटावरच्या आमच्या गावात त्याची आठ एकर जमीन. थोरल्या मुलाला त्याने हौसेने पुण्याला शिकायला ठेवले. पहिल्या दिवाळीला मुलगा आला तो मोठ्या उत्साहात. दुसऱ्या दिवाळीला त्याला शेणाचा वास येऊ लागला. तिसऱ्या दिवाळीला पत्र आले. मामा ते पत्र खिशात घालून गोठ्यात गेला, आणि मग बऱ्याच वेळाने आईला म्हणाला, "शाळेनं पोरगं शहाणं केलं ताई, ते खोटं नाही. पण माझं नाही ठेवलं." मामाने डार्विनचे नावही ऐकले नव्हते. तरी मला वाटते, बटलर आणि तो एका बांधावर बसले असते तर दुभाष्यावाचून त्यांचे जमले असते.

कारण खरा पेच देवाचा जितका होता, तितकाच शाळेचा होता. १९१० साली टेनेसीत हायस्कुलात जाणारी मुले दहा हजारही नव्हती. १९२५ पर्यंत ती पन्नास हजारांवर गेली. गावच्याच कराच्या पैशाने बांधलेली शाळा, मुलांना सक्तीने तिथे पाठवायचे, आणि तिथे काय शिकवायचे ते मात्र दूरचे कोणीतरी शहाणे ठरवणार. माझ्या दाराशी येऊन माझे मूल माझ्यापासून तोडणारी ही कोणती विद्या, असे बापाने विचारले तर त्याला निव्वळ मूर्ख म्हणून कसे चालेल? उत्तर त्याने चुकीचे काढले. उत्क्रांती खरी आहे, आणि मतदानाने ती खोटी ठरत नाही. पण प्रश्न काही वेडगळ नव्हता.

गंमत अशी, की खटला डेटनच्या गावकऱ्यांनीच मागून घेतला होता. गावची लोखंडाची भट्टी बंद पडलेली, वस्ती घटलेली. कायद्याला आव्हान देणारा शिक्षक हवा आहे, अशी एका नागरी स्वातंत्र्यवादी संघटनेची जाहिरात वर्तमानपत्रात आली. रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात चार मंडळी जमली आणि त्यांनी ठरवले, आपल्याच गावात होऊ द्या, तेवढेच नाव होईल. जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या मास्तरला टेनिस खेळत असताना बोलावून घेतले, आणि तो बिचारा 'बरे' म्हणाला. मुळात तो फुटबॉल शिकवणारा. जीवशास्त्राचा तास त्याने बदली म्हणून घेतलेला, आणि त्यात उत्क्रांतीचा धडा शिकवला की नाही हे त्यालाच नक्की आठवत नव्हते!

नाव झाले, पण कसे? दोनएकशे वार्ताहर आले, शिकागोच्या रेडिओने खटला थेट ऐकवला, सूटबूट घातलेला चिंपांझी रस्त्यातून मिरवला. बाल्टिमोरच्या एच. एल. मेंकेन या पत्रकाराने आपल्या झणझणीत लेखणीने गावकऱ्यांना असे काही झोडपले, की वाचून शहरे खदखदून हसली. आपल्या जुन्या नाटकांतला रामा गडी आठवा. एक अख्खे गाव रामा गडी होऊन बसले.

सरकार पक्षाकडून उभा राहिला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. १९०६ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि इंग्रजी राज्यावर त्याने असा कडक लेख लिहिला, की आपल्या राष्ट्रवाद्यांनी तो पत्रक करून वाटला. तीनदा अध्यक्षपदाला उभा राहून तीनदा पडलेला, रेल्वे कंपन्या आणि सावकारी पेढ्यांविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू मांडत हयात घालवलेला, परराष्ट्रमंत्री असताना देश युद्धाकडे चालला म्हणून राजीनामा देणारा हा माणूस. आरोपीचा वकील क्लॅरन्स डॅरो याने १८९६ च्या निवडणुकीत त्याच ब्रायनचा प्रचार केला होता. ब्रायनचा डार्विनवर मुख्य राग हा, की बळवंताने दुबळ्याला तुडवावे याला त्यातून शास्त्राचा आधार मिळतो. हे डार्विनचे म्हणणे नव्हे. परंतु स्कोप्सच्या वर्गात लावलेले पाठ्यपुस्तक मी चाळले, तेव्हा दचकलो. त्यात उत्क्रांतीची पाने थोडी. पण मनुष्याच्या पाच वंशांत गोरा तो सर्वश्रेष्ठ, आणि काही दरिद्री कुटुंबे म्हणजे समाजावरची बांडगुळे, त्यांची वाढ रोखावी, हेही शास्त्र म्हणून छापलेले! त्या दिवशी शहर ज्याला ज्ञान म्हणत होते त्यात हा खडाही होता. तो कोणाच्या दातांखाली आला, याची चौकशी कोणी केली नाही.

२० जुलैला उकाड्यामुळे आणि गर्दीने मजला खचेल या भीतीने न्यायालय हिरवळीवर भरले. डॅरोने ब्रायनलाच साक्षीला बोलावले. माशाने गिळलेला योना, आकाशात थांबवलेला सूर्य, केनची बायको आली कुठून, एकेक करून सगळे विचारले. पासष्ट वर्षांचा ब्रायन घामाघूम झाला, अडखळला, चिडला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी पंचांनी नऊ मिनिटांत मास्तरला दोषी ठरवले. दंड शंभर डॉलर. त्यानंतर पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, ब्रायन डेटनमध्येच झोपेत गेला.

शहराला वाटले, निकाल लागला. तो लागला नव्हता. प्रकाशकांनी गाजावाजा न करता पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा शब्दच गाळला. स्कोप्सचे ते पुस्तकही पुढच्याच वर्षी तसे सुधारून निघाले. मिसिसिपी आणि आर्कान्सा संस्थानांनी तसेच कायदे केले. हसून घेतलेल्या माणसांनी आपली वेगळी कॉलेजे काढली. ब्रायनच्या नावाचे एक तर १९३० मध्ये डेटनलाच निघाले. बटलरचा कायदा १९६७ पर्यंत टेनेसीच्या पुस्तकात राहिला. वादात हरलेला माणूस कधी तरी पटवून घेतो. ज्याला चारचौघांत हसले, तो दार लावून घेतो.

आणि स्कोप्स? शाळेत राहण्याविषयी त्याला विचारले होते. पण तो शिकागोला भूस्तरशास्त्र शिकायला गेला, मग व्हेनेझुएलात तेलाच्या कंपनीत. १९६० च्या जुलैमध्ये तो डेटनला आला, तो सिनेमाच्या निमित्ताने. खटल्यावर बेतलेल्या 'इन्हेरिट द विंड' या चित्रपटाचा अमेरिकेतला पहिला खेळ डेटनलाच, मोटारीत बसून पाहायच्या उघड्या थिएटरात ठेवला होता. गावाने स्कोप्सचा सत्कार केला. खऱ्या खटल्यात त्याला एक रात्रही तुरुंगात काढावी लागली नव्हती, आणि डॅरोलाही गावाने अगत्याने वागवले होते. अंधार पडल्यावर मोटारी रांगेने उभ्या राहिल्या आणि पडद्यावर मास्तर गजांआड बसलेला, गावकरी त्याच्या नावाने आरोळ्या ठोकताना दिसू लागले. मोटारींत बसून ते पाहणाऱ्यांत पस्तीस वर्षांपूर्वी त्या हिरवळीवर उभे राहिलेले लोकही असणारच.