गुरुजींनीं केलेली वाट

शहापूर तालुक्यांत खर्डी व कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हें लहानसें ठिकाण आहे. येथून आगगाडी सन १८६१ पासून धांवते. पण रूळ गेले म्हणजे डोंगरांतील पाड्यांस वाट मिळाली असें होत नाहीं. या मुलखांत फिरतांना अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील गुंडेगांवची गोष्ट सहजच आठवते.

तेथील राजाराम भापकर गुरुजी सातवी यत्ता शिकलेले. सन १९५७ पासून ते कोळगांवच्या शाळेंत शिकवीत. मधला डोंगर चुकवून जावयाचें तर सुमारें २९ किलोमीटरांचा फेरा पडे. सरकारदरबारीं विचारून कांहींच निष्पन्न होईना, तेव्हां गुरुजींनीं स्वतःच कुदळ हातीं घेतली. आरंभींचा पगार मासिक ६० रुपये. त्यांतील निम्मा ते मदतीस येणाऱ्या गांवकऱ्यांस मजुरी म्हणून देत. निवृत्तीनंतर मिळालेला पैसाही त्यांनीं याच कामीं लाविला. सुमारें ५७ वर्षांत ४० किलोमीटरांचे सात रस्ते झाले आणि कोळगांव १० किलोमीटरांवर आलें.

अशा वेळीं आपण भगीरथाची उपमा देऊन मोकळे होतों. परंतु मला गुरुजींच्या कुदळीपेक्षां त्यांनीं चुकविलेली मजुरी थोर वाटते. लोकहिताच्या नांवाखालीं गरिबाचे श्रम फुकट घेणें सोपें असतें; तें त्यांनीं केलें नाहीं. निम्म्या पगारांत संसार चालविणारें घरही या पुण्याचें वांटेकरी होय, हें आपल्या घरोघरीं मुलांस अवश्य सांगावें.